तळहातावरचे चित्र घरच्यांपुढे



आजच्या विषयाचे नाव पत्रिकेवर वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील, आणि त्यात नवल नाही. ज्या मांडवात राज्यघटना, सहकार आणि संतवाङ्मय यांवर बोलले जाते, त्याच मांडवात मुलांच्या हातातल्या खेळयंत्राचे चित्र टीव्हीच्या पडद्यावर कसे आणावे याची चर्चा करणे म्हणजे ज्ञानसत्राचा पोरखेळ नव्हे काय, असे कोणी विचारले तर तो प्रश्न आम्ही रास्तच मानू. परंतु त्याला उत्तरही आहे. हा पोरांचा खेळ आज कितीतरी घरांत आहे; त्यावर पालकांचा पैसा खर्च होतो; आणि मुख्य म्हणजे, एकाच खोलीत बसलेल्या चार माणसांपैकी एकाला दिसणारी आणि तिघांना न दिसणारी अशी एक गोष्ट या यंत्राने घरात आणली आहे. ती चौघांना दिसावी अशी इच्छा झाली तर काय करावे लागते, ते किती सोपे, किती अवघड, आणि अवघड असेल तर का, एवढेच आज पाहावयाचे आहे.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका घरगुती प्रसंगामुळे. आमच्या थोरल्या भगिनी सुट्टीत आमच्याकडे राहावयास आल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढे, दृष्टी अधू. वर्तमानपत्राचे मथळे तेवढे वाचता येतात. त्यांचा दहा वर्षांचा नातू त्यांच्याच पलंगावर बसून दिवसभर हातातल्या यंत्रावर खेळत असे. मध्येच हसे, मध्येच हळहळे. बाईंनी विचारावे, "काय झालं रे?" आणि त्याने मान वर न करता म्हणावे, "काही नाही गं आजी, तुला नाही दिसणार." त्यात उर्मटपणा नव्हता, त्यांना खरेच दिसत नव्हते. तिसऱ्या दिवशी त्या आम्हाला म्हणाल्या, "एवढा मोठा टीव्ही भिंतीवर टांगलायस, त्याच्यावर लाव की याचं ते. पोरगं कशाला हसतंय ते मलाही कळू दे."

मागणी साधी होती. आम्ही यंत्र घेऊन बाजारात गेलो. दुकानदाराने यंत्राच्या बुडाचे छिद्र पाहिले, त्यात बसेल अशी एक तार काढली, तिचे दुसरे टोक टीव्हीत बसते हे दाखविले आणि "शंभर टक्के चालेल" म्हणून पैसे घेतले. घरी येऊन तार लावली. दोन्ही टोके चपखल बसली. टीव्हीवर मात्र 'संकेत नाही' या अर्थाची अक्षरे तेवढी उमटली. तार बदलून आणली, शेजाऱ्यांच्या टीव्हीवर लावून पाहिली, फळ तेच. तार तुटलेली नव्हती, टीव्ही बिघडला नव्हता, यंत्रही धडधाकट होते. चूक होती ती आमच्या समजुतीत. चित्र म्हणजे टाकीतले पाणी आणि तार म्हणजे नळी, एका टोकाला टाकी आणि दुसऱ्या टोकाला घागर लावली की काम झाले, असे आम्ही धरून चाललो होतो. हे प्रकरण तसे नाही. कसे आहे, ते क्रमाने पाहू.

ठिपक्यांची रांगोळी आणि टीव्हीचा ताल

समजावयास सोपे पडावे म्हणून एक जुने आणि साधे यंत्र घेऊ. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८९ साली 'गेम बॉय' नावाचे यंत्र बाजारात आणले. गुनपेई योकोई यांच्या विभागात ते तयार झाले. नव्या नवलाईच्या महागड्या सामग्रीमागे न धावता, जुनी होऊन स्वस्त झालेली सामग्री नव्या कल्पनेने वापरावी, असे योकोई यांचे मत होते. त्याप्रमाणे या यंत्राचा पडदा रंगीत नव्हता, त्याला स्वतःचा उजेडही नव्हता. चार पेन्सिल सेलवर तो चाले.

आपल्याकडे दारात ठिपक्यांची रांगोळी काढतात, तसाच हा पडदा. आडवे १६० आणि उभे १४४ असे ठिपके. म्हणजे एकंदर २३,०४० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला फिकट ते गडद अशा चार छटांपैकी एक मिळते. कोणत्या ठिपक्याला कोणती छटा हे यंत्राचा मेंदू ठरवितो, आणि वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत एकेक ओळ पडद्याला सांगत जातो. सेकंदात सुमारे ६० वेळा ही सारी रांगोळी पुसून पुन्हा घातली जाते. मेंदू आणि पडदा यांच्यामधले हे बोलणे म्हणजे घरातल्या दोन माणसांचे खुणेचे बोलणे होय. ते त्या दोघांनाच कळते. बाहेरच्याला त्याचा अर्थ लागत नाही, कारण बाहेरच्याने ऐकावे यासाठी ते योजलेलेच नाही.

आता त्या काळचा टीव्ही घ्या. त्याला ठिपके ठाऊकच नव्हते. त्याच्याकडे तारेतून येई ती विजेच्या दाबाची एक अखंड लाट. लाट चढली की पडदा उजळे, उतरली की काळवंडे. एक ओळ कोठे संपली आणि दुसरी कोठे सुरू झाली हे कळावे म्हणून लाटेत ठरावीक अंतराने एकेक खोल खळगा ठेवलेला असे. तबलजी आणि गवई समेवर भेटतात, तसे पाठविणारे यंत्र आणि टीव्ही या खळग्यावर भेटत. आणि ताल अगदी पक्का. आपल्या देशात आणि युरोपच्या बहुतेक भागात चित्राच्या ६२५ ओळी, सेकंदाला २५ पूर्ण चित्रे, म्हणजेच सेकंदाला १५,६२५ ओळी. जपान आणि अमेरिका यांचा ताल थोडा वेगळा, पण ओळींचा वेग जवळजवळ तेवढाच.

आणि गेम बॉयचा वेग? त्याच्या घड्याळाचे सेकंदाला ४१,९४,३०४ ठोके पडतात आणि एका ओळीला ४५६ ठोके लागतात. भागाकार केला तर सेकंदाला सुमारे ९,१९८ ओळी येतात. म्हणजे दोघांची भाषा निराळी, एवढेच नव्हे, लयही निराळी. एक विलंबितात गातो आहे आणि दुसऱ्याला द्रुत लयीवाचून ठेका धरता येत नाही, अशी ही गत. अशा दोघांची गाठ घालावयाची तर मध्ये एक दुभाष्या लागतो. त्याने एकाचे बोलणे ऐकावे, लक्षात ठेवावे आणि दुसऱ्याच्या भाषेत, दुसऱ्याच्या लयीत पुन्हा म्हणावे. लक्षात ठेवणे म्हणजे स्मृतीची चकती, पुन्हा म्हणणे म्हणजे आणखी एक मंडल. दोन्हींना पैसा लागतो आणि दोन्ही वीज खातात. ज्या यंत्राची सारी मातब्बरी स्वस्ताईत आणि सेल पुरविण्यात होती, त्यात हा दुभाष्या कोण बसविणार? म्हणून गेम बॉयला कानात घालायच्या यंत्रासाठी छिद्र होते, दुसऱ्या गेम बॉयशी जोडण्यासाठी छिद्र होते. चित्र बाहेर येईल असे छिद्र मात्र नव्हतेच.

आमच्या फसलेल्या तारेचे मर्म येथेच आहे. तार निरोप पोचविते, निरोपाचे भाषांतर करीत नाही. आणि ज्याने निरोप धाडलाच नाही त्याचा निरोप तार कोठून आणणार?

खेळ हलविला, यंत्र नाही

ही अडचण ओलांडण्याचे तीन मार्ग आजवर निघाले. पहिला मार्ग निन्टेन्डोनेच १९९४ साली काढला. टीव्हीला जोडावयाचे 'सुपर फॅमिकॉम' नावाचे यंत्र त्या कंपनीचे होतेच. अमेरिकेत ते 'सुपर निन्टेन्डो' या नावाने विकले जाई. त्या यंत्रात बसेल असे एक खोके कंपनीने तयार केले आणि त्याला 'सुपर गेम बॉय' हे नाव दिले. या खोक्याच्या माथ्यावरच्या खाचेत गेम बॉयच्या खेळाची काडतुशी खोवावयाची.

गंमत अशी की, या खोक्याच्या पोटात गेम बॉयचा मेंदूच बसविलेला होता. पडद्याच्या जागी मात्र दुभाष्या होता. मेंदू जी रांगोळी सांगेल तिच्या आठ-आठ ओळी तो गोळा करी आणि मोठ्या यंत्राच्या स्वाधीन करी. मोठे यंत्र त्या आपल्या २५६ गुणिले २२४ ठिपक्यांच्या चित्रात मधोमध मांडी. डावी-उजवीकडे ४८ आणि वर-खाली ४० ठिपके रिकामे राहत. तेथे तसबिरीसारखी नक्षीची चौकट काढलेली असे. चार करड्या छटांच्या जागी रंगही निवडता येत. खेळात कोठवर मजल गेली याची नोंद ज्या खेळांत ठेवली जाई, ती काडतुशीतच राही. त्यामुळे प्रवासात अर्धा राहिलेला खेळ घरी टीव्हीवर तेथूनच पुढे चालू करता येई.

भाषांतरात थोडा अर्थ निसटतो तसे येथेही झाले. या खोक्याला स्वतःचे घड्याळ नव्हते. मोठ्या यंत्राच्या घड्याळाचे ठोके पाचाने भागून ते आपला ठेका धरी. तो भागाकार गेम बॉयच्या मूळ ठोक्याशी तंतोतंत जुळत नव्हता. जपान आणि अमेरिकेतल्या यंत्रांवर खेळ सुमारे २.४ टक्के वेगाने पळे आणि संगीत किंचित चढ्या सुरात वाजे. तासाभराच्या खेळात हा फरक दीड मिनिटाच्या आसपासचा. पण ज्याच्या कानात मूळ सूर बसलेला आहे त्याला तो जाणवल्याशिवाय राहत नाही. १९९८ साली जपानात या खोक्याची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा तिला स्वतःचे घड्याळ दिले गेले आणि ही चूक दूर झाली.

याच मार्गाने पुढे २००३ साली 'गेम बॉय प्लेअर' आला. 'गेमक्यूब' नावाच्या यंत्राच्या तळाशी तो बसवावयाचा, आणि सोबतची तबकडी घालून सुरू करावयाचा. सोनी कंपनीने २०१३ साली जपानात आपल्या 'व्हिटा' या हातयंत्राचा बिनपडद्याचा भाऊ काढला. तो थेट टीव्हीला जोडता येई. मात्र व्हिटाच्या पुष्कळ खेळांत पडद्याला बोट लावावे लागे, आणि भिंतीवरच्या टीव्हीला बोट कोण लावणार? त्यामुळे ज्या खेळांचे बोटावाचून अडे त्यांतले बरेच त्यावर चालले नाहीत. या साऱ्या प्रकारात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, टीव्हीवर खेळ येतो पण आपल्या हातातले यंत्र येत नाही. ते बिचारे कपाटातच पडून राहते.

यंत्रालाच दुसरी भाषा

दुसरा मार्ग म्हणजे दुभाष्या हातातल्या यंत्रातच बसविणे. सेगा कंपनीने १९९५ साली अमेरिकेत 'नोमॅड' नावाचे यंत्र विकावयास काढले. त्याच्या बाबतीत हे काम उलट्या दिशेने झाले होते. नोमॅड म्हणजे मुळात टीव्हीला जोडावयाचेच एक यंत्र. ते लहान करून त्याला पडदा चिकटविलेला. त्याला टीव्हीची भाषा जन्मापासून येत होती, म्हणून टीव्हीची तार लावावयाची सोयही त्याला सहज ठेवता आली. पण सहा पेन्सिल सेल ते भराभर संपवी, हा त्याचा दोष.

खऱ्या अर्थाने हातयंत्र म्हणून जन्मलेल्या आणि मग टीव्हीची भाषा शिकलेल्या यंत्राचे उदाहरण म्हणजे सोनीचे 'पीएसपी'. २००४ साली ते जपानात आले तेव्हा त्याला ही भाषा येत नव्हती. २००७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत ती आली, पण अर्धवट. साध्या पिवळ्या टोकाच्या तारेतून छायाचित्रे आणि चित्रफिती दिसत, खेळ मात्र दिसत नसे. खेळासाठी लाल, हिरव्या, निळ्या टोकांची महाग तार लागे आणि तसल्या चित्राचा स्वीकार करणारा टीव्हीही लागे. शिवाय खेळाचे चित्र पडदा भरून येत नसे; चहूबाजूंनी काळी पट्टी राही. २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत साध्या तारेतूनही खेळ दिसू लागला. एकाच नावाच्या यंत्राच्या तीन आवृत्त्या, आणि तीनही वेळा 'टीव्हीवर दिसेल काय?' या प्रश्नाचे उत्तर निराळे! ग्राहक गोंधळला तर त्याला बोल कसा लावावा?

दोन घरांचे यंत्र

तिसरा मार्ग असा की, यंत्राची कल्पना करतानाच त्याला दोन घरे द्यावीत. निन्टेन्डोने ३ मार्च २०१७ रोजी आणलेले 'स्विच' हे यंत्र असे आहे. हातात घेतले तर त्याच्या पडद्यावर ७२० ओळींचे चित्र दिसते. घरी आल्यावर ते एका प्लॅस्टिकच्या ठाणात उभे करावयाचे. या ठाणाला इंग्रजीत 'डॉक' म्हणतात, म्हणजे आपली गोदी. जहाज गोदीला लागावे तसे यंत्र ठाणाला लागले की हातातला पडदा विझतो आणि तेच चित्र टीव्हीवर उमटते.

अनेकांची समजूत अशी की या गोदीतच काही जबरदस्त यंत्र दडलेले असावे. तसे नाही. चित्र काढणारा मेंदू हातातल्या यंत्रातच असतो. गोदी त्याला वीज पुरविते आणि त्याचे बोलणे टीव्हीला कळणाऱ्या एचडीएमआय भाषेत उतरविते. मात्र गोदीत विजेची चिंता नसते, म्हणून यंत्र आपल्या चित्र काढणाऱ्या भागाची गती वाढविते, आणि ७२० ऐवजी १,०८० ओळींपर्यंतचे चित्र काढू शकते. गोदीला भिंतीतली वीज जोडली नाही तर टीव्हीवर चित्र येत नाही, हेही येथेच सांगून ठेवतो. कारण 'सगळे जोडले पण दिसत नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच असते.

छिद्र एक, गुण वेगळे

आता पुन्हा आमच्या दुकानदाराकडे जाऊ. त्याने छिद्र पाहून तार दिली. आजच्या बहुतेक हातयंत्रांना, मोबाइलला आणि संगणकाला एकच लहान लंबगोल छिद्र असते. त्याला यूएसबी-सी म्हणतात. पूर्वी प्रत्येक कामाचे छिद्र निराळे असे, म्हणून छिद्र पाहून काम ओळखता येई. आता छिद्र एक झाले, पण त्यामागची कामे एक झाली नाहीत. एखाद्या छिद्रामागे फक्त वीज घेण्याची सोय असते, एखाद्यामागे वीज आणि माहिती या दोहोंची, आणि एखाद्यामागे चित्र बाहेर धाडण्याचीही. ही तिसरी सोय बहुधा 'डिस्प्लेपोर्ट' नावाच्या पद्धतीची असते. बाहेरून तिन्ही छिद्रे सारखीच दिसतात. चाळीतल्या सगळ्या खोल्यांची दारे सारखी म्हणून कोणत्याही दारातून पाण्याची हंडा-घागर बाहेर येईल असे नाही. आत नळ आहे की नाही ते पाहावे लागते.

याचे ठळक उदाहरण म्हणजे स्विचचेच धाकटे भावंड, २०१९ साली आलेले 'स्विच लाइट'. खेळ तेच, छिद्राचा आकारही तोच. पण ते केवळ हातात खेळण्यासाठी केलेले असल्याने त्यातून चित्र बाहेर येत नाही. कंपनीने हे लपविले नव्हते. ते स्वस्त आणि लहान असण्याचे ते एक कारणच होते. उलट २०२२ साली आलेल्या 'स्टीम डेक' या हातयंत्राच्या छिद्रातून चित्र बाहेर येते. तेव्हा दिसते तसे नसते ही म्हण तारांच्या बाजारात अक्षरशः खरी आहे. तार छिद्रात बसते याचा अर्थ तार छिद्रात बसते, एवढाच.

मोठे करताना काय हरवते

समजा, भाषांतर नीट झाले आणि चित्र भिंतीवर आले. तरीही तळहातावरचे चित्र भिंतीवर आहे तसेच राहते असे नाही.

पहिली अडचण मापाची. गेम बॉयच्या १४४ ओळी आजच्या १,०८० ओळींच्या टीव्हीवर पसरावयाच्या तर प्रत्येक ठिपका साडेसातपट करावा लागतो. अर्धा ठिपका काढता येत नाही. मग काही ठिपके सात ओळींचे होतात आणि काही आठ ओळींचे. रांगोळीचे ठिपके कमीजास्त अंतरावर पडले की वेल वाकडी होते, तसे चित्र सरकू लागले की त्यातल्या कडा लाटेसारख्या हलतात. हे टाळण्यासाठी टीव्ही कडा पुसट करतो, आणि मग सारेच धुरकट दिसते. त्यापेक्षा बरोबर सातपट करून १,००८ ओळींचे चित्र घ्यावे, वर-खाली छत्तीस-छत्तीस ओळी काळ्या सोडाव्यात, हे शहाणपणाचे. काळी पट्टी दिसली की पैसे फुकट गेले असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः ती पट्टी चित्राचा आब राखीत असते.

दुसरी अडचण रंगांची आणि उजेडाची. २००१ सालच्या 'गेम बॉय अ‍ॅडव्हान्स'च्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. तो अंधारा पडदा ओळखून खेळ करणाऱ्यांनी रंग मुद्दाम फिकट आणि झगझगीत योजले. तेच रंग उजळ टीव्हीवर भडक आणि विटके दिसतात. जुन्या पडद्यांचा ठिपका सावकाश विझे. त्याचा फायदा घेऊन काही खेळांत एखादी आकृती एका चित्रात दाखवीत आणि दुसऱ्यात लपवीत, म्हणजे ती धुक्यासारखी पारदर्शक भासे. टीव्हीचा ठिपका चटकन विझतो. तेथे धुके न दिसता नुसती लुकलुक दिसते. म्हणजे ज्याला आपण जुन्या पडद्याचा दोष म्हणू, त्याच्यावर चित्रकाराने आपले चित्र उभे केले होते.

तिसरी अडचण वेळेची, आणि खेळणाऱ्याच्या दृष्टीने हीच मोठी. सेकंदाला ६० चित्रे म्हणजे एका चित्राला सुमारे १७ सहस्रांश सेकंद. आजचा टीव्ही आलेले चित्र लगेच दाखवीत नाही. ते घासूनपुसून, रंग खुलवून मग दाखवितो. या नटण्यात काही चित्रांइतका वेळ जातो. सिनेमा पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पण बोटाने कळ दाबली आणि पडद्यावरच्या गड्याने दहावा भाग सेकंद उशिरा उडी मारली, तर तो खड्ड्यात पडलाच म्हणून समजा. यासाठीच टीव्हीत 'गेम मोड' नावाची व्यवस्था असते. ती चालू केली की टीव्ही नटणे कमी करतो. बिनतारी जोडणीत चित्र आधी दाबून लहान करावे लागते आणि पोचल्यावर पुन्हा उलगडावे लागते. तेथे उशीर आणखी वाढतो. म्हणून खेळावयाचे असेल तेथे तार बरी.

घेण्यापूर्वी

तात्पर्य, पालकांनी पैसे टाकण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. यंत्राचे नुसते नाव नव्हे, नेमकी आवृत्ती कोणती? त्या आवृत्तीतून चित्र बाहेर येते असे तिच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिले आहे काय? नुसत्या तारेने भागते, की ठाण आणि वीज दोन्ही लागतात? आणि टीव्हीत ती तार घेण्याची जागा व 'गेम मोड' आहे काय? या प्रश्नांची उत्तरे माहितीपत्रकातून मिळवावीत. 'शंभर टक्के चालेल' हे उत्तर नव्हे. ही चौकशी आम्ही केली असती तर दोन तारांचे पैसे वाचले असते.

राहता राहिला आमच्या भगिनींचा प्रश्न. नातवाच्या यंत्रातून चित्र बाहेर येत नाही हे कळल्यावर आम्ही हात टेकले होते. युक्ती काढली ती त्या पोरानेच. जाडजूड पुस्तकांच्या दोन थप्प्या करून त्यांवर आडवी फळी टाकली, फळीवर आमचा मोबाइल असा ठेवला की त्याचा कॅमेरा खाली पाहील, आणि मोबाइलचे चित्र बिनतारी टीव्हीवर धाडले. मग फळीखाली यंत्र धरून तो खेळू लागला. वरचा दिवा पडद्यात चमकू लागला तेव्हा दिवा मालवला.

चित्र चांगले होते असे आम्ही म्हणणार नाही. ते किंचित वाकडे होते, रंग उडालेले होते, आणि चांगले अर्धा सेकंद उशिरा येत होते. पण येथे एक गोष्ट ध्यानात आली. खेळणारा आपल्या लहान पडद्याकडेच पाहत होता, म्हणून त्याला त्या उशिराचा त्रास नव्हता. आणि पाहणाऱ्याला खेळावयाचे नव्हते, म्हणून तिलाही नव्हता. खेळणाऱ्याची गरज एक, पाहणाऱ्याची गरज दुसरी. आम्ही इतके दिवस दोन्हींसाठी एकच तार शोधीत होतो.

आमच्या भगिनी टीव्हीच्या अगदी पुढ्यात खुर्ची घेऊन बसल्या. थोड्या वेळाने ओरडल्या, "अरे, पुढे खड्डा आहे!" नातू केव्हाच खड्डा ओलांडून पलीकडे गेला होता. तो म्हणाला, "आजी, तो मघाशीच झाला." आणि मग, सुट्टीत पहिल्यांदाच, खेळ थांबवून त्याने मान वर केली आणि पुढे काय येणार आहे ते तिला सांगावयास सुरुवात केली.